गाडीला लावलेले सुटू नये म्हणून

गाडी नवी असो की दुसऱ्याकडून घेतलेली, ती दारात आली की महिनाभरात तिच्या अंगावर काही ना काही चढतेच. पावसाळा जवळ आला की खिडक्यांवर वायझर आणि चाकांमागे मडफ्लॅप लागतात. बाजारात कोणी घासून जाऊ नये म्हणून दारांवर बीडिंगच्या पट्ट्या येतात, बंपरच्या कोपऱ्यांना रबर येते. डिकीवर चमकत्या अक्षरांत ‘माशाअल्लाह’ लागते. ईदला गावी जायचे, सामान जास्त, म्हणून टपावर कॅरिअर बसतो. कुर्ल्याचा सीएसटी रोड असो, पुण्याची नाना पेठ असो की तालुक्याच्या स्टँडजवळचे छोटे दुकान असो, या वस्तू सगळीकडे मिळतात आणि अर्ध्या तासात बसवूनही मिळतात.

वस्तू घेताना आपण रंग पाहतो, किंमत विचारतो, घासाघीस करतो. ती गाडीला कशाने बसवायची, हे मात्र बहुतेक वेळा दुकानातला मुलगा ठरवतो. त्याच्या हातात टेप असेल तर टेप, ड्रिल असेल तर स्क्रू. आपण बाजूला चहा पीत उभे असतो.

हा प्रश्न वाटतो तेवढा लहान नाही. गाडीच्या आतले सीट कव्हर फाटले तर नुकसान फक्त आपले. बाहेर लावलेली वस्तू सुटली तर ती मागून येणाऱ्याच्या अंगावर जाते. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. मागून त्याच वेगाने मोटरसायकल येत असेल, तर समोर उडालेला प्लास्टिकचा तुकडा दिसून हात ब्रेककडे जाईपर्यंतच एवढे अंतर संपते. मोटरसायकलवर मागे बायको आणि दोघांच्या मध्ये मूल बसलेले असेल, तर चुकवण्यासाठी हँडल वळवणेही धोक्याचे.

रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हीसुद्धा ईमानची एक शाखा आहे, हे आपण मुलांना मदरशात आणि घरी शिकवतो. मग आपल्याच गाडीवरून तशी वस्तू रस्त्यात पडू न देणे हे त्याच्याही आधी आले. दुसरी एक हदीस तर या विषयाला जणू मोजून बसते. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून ठेवू, असे एकाने विचारले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी बांधायला आणि मग भरवसा ठेवायला सांगितले. तिरमिजीच्या संग्रहात ही हदीस आहे. आजच्या उंटाला चार चाके आहेत, आणि त्याच्या पाठीवरचे ओझे कशाने बांधायचे हे आपल्यालाच समजून घ्यावे लागेल.

टेप धरते कशी?

‘नुसत्या टेपवर काय राहणार?’ असे पुष्कळ जण म्हणतात. ही शंका अगदीच खोटी नाही, पण पूर्ण खरीही नाही. गाडी आणि टेप यांचे नाते जुने आहे. अमेरिकेत दोन रंगांच्या मोटारींची फॅशन आली, तेव्हा एक रंग दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून रंगाऱ्यांना चिकटपट्टी हवी होती. त्यातून थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्र्यू यांनी १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार केली. त्याच कंपनीने १९८० मध्ये व्हीएचबी नावाची जाड, दोन्ही बाजूंनी चिकटणारी अॅक्रिलिक फोमची टेप बाजारात आणली. आज कारखान्यातून निघालेल्या गाडीची नावाची अक्षरे, बोधचिन्हे आणि पट्ट्या अनेकदा याच जातीच्या टेपवर बसवलेल्या असतात. काही इमारतींच्या बाहेरच्या काचा आणि पत्रेही अशा टेपवर आहेत.

म्हणजे दोष टेपच्या जातीत नाही. दोष असतो तो कोणती टेप, कुठे आणि कशी लावली यात.

बाजारात डबल टेप म्हणून दोन वेगळ्याच वस्तू मिळतात. एक असते पांढरी, स्पंजसारखी, घरातली फ्रेम भिंतीला लावायची. ती बोटाने दाबली की दबते आणि नखाने खरवडली की तिचे तुकडे पडतात. उन्हात ती काही महिन्यांत पिठासारखी होते. दुसरी असते करडी किंवा काळी, दाट, रबरासारखी. ओढली तर ताणते, पण पटकन तुटत नाही. गाडीच्या बाहेर फक्त हीच चालते. पांढरी टेप कितीही जाड असली तरी ती घरात ठेवावी.

ही दाट टेप एक काम असे करते जे स्क्रूला जमत नाही. मे महिन्यात सकाळी २५ अंशांवर असलेला पत्रा दुपारी उन्हात ६५ अंशांपर्यंत सहज जातो. या ४० अंशांच्या फरकाने एक मीटर लांबीचा पोलादी पत्रा साधारण अर्धा मिलिमीटर वाढतो. त्यावर लावलेला अॅक्रिलिकचा वायझर मात्र तेवढ्याच उन्हात जवळजवळ तीन मिलिमीटर वाढतो. रोज दुपारी तो वाढतो आणि रोज रात्री आखडतो. दोन्ही टोकांना स्क्रूने जखडलेला वायझर हा ताण सहन करू शकत नाही आणि स्क्रूपाशी त्याला तडा जातो. फोमची टेप मधल्या मध्ये ताण घेते आणि दोघांनाही आपापल्या जागी राहू देते.

टेपची कमजोरीही समजून घ्यावी. दोन तळहात एकमेकांवर दाबून बाजूला सरकवून पाहा, जोर लागतो. तेच एका बोटाच्या टोकाकडून उचला, सहज सुटतात. टेपचेही तसेच आहे. सरळ ओढले किंवा घसरवले तर ती भक्कम धरते, कोपऱ्यातून सोलले तर हरते. म्हणून कोणतीही वस्तू आधी टोकाला सुटते, तिथे वारा आणि पाणी शिरते, मग बाकीची पट्टी दिवसादिवसाने उलगडत जाते.

टेप लावण्याची रीत

आमच्या भागातल्या एका वयस्कर फिटरकडे एक तरुण नवीन गाडी घेऊन आला होता. त्याने विचारले, ‘चाचा, नुसत्या टेपवर वायझर राहील ना? की दोन स्क्रू मारता?’ चाचा म्हणाले, ‘बेटा, टेप राहील. तू घाई केलीस तर नाही राहणार.’ सगळे तंत्र या एका उत्तरात आहे.

पहिली गोष्ट म्हणजे स्वच्छता. गाडी नुसती धुऊन भागत नाही. शोरूममधून येताना तिच्यावर पॉलिश किंवा वॅक्स असते. त्यात अनेकदा सिलिकॉन असते आणि कोणताही गोंद त्यावर धरत नाही. जिथे वस्तू लावायची तेवढी जागा साबणाने धुऊन, वाळवून मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मेनिम्म करून पुसावी. हे अल्कोहोल औषधांच्या किंवा इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात मिळते. पुसताना कापड एकाच दिशेने न्यावे आणि दर वेळी कापडाची नवी बाजू घ्यावी, नाहीतर मळ तिथल्या तिथेच फिरतो. रॉकेल किंवा पेट्रोलने पुसण्याची सवय सोडावी, कारण त्यांचा तेलकट थर मागे राहतो. थिनर रंग खातो. पुसल्यानंतर त्या जागी बोट लावू नये, कारण बोटाचा घामही तेलकटच असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ऊन. अशा टेपला लावताना साधारण २१ ते ३८ अंशांचे तापमान मानवते. कडक उन्हात तापलेल्या टपावर लावू नये. थंडीच्या पहाटे नाशिककडे पारा १० अंशांच्या खाली गेलेला असताना तर मुळीच लावू नये, कारण गारठलेला गोंद पत्र्याच्या बारीक खाचांत उतरतच नाही. सावलीत, सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला हे काम करावे. पावसाळ्यात लावायची वेळ आलीच तर छपराखाली, जागा पूर्ण कोरडी करून लावावी.

तिसरी गोष्ट म्हणजे दाब. या टेपचा गोंद दाबाने चिकटतो, वाळून नाही. तिच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचा दाब यावा, असे मानले जाते. साध्या भाषेत, अंगठा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत इंच इंच दाबत न्यावा आणि दोन्ही टोकांना काही क्षण जास्त दाबून धरावे. हाताने एकदा थापटून सोडून दिलेली पट्टी म्हणजे अर्धीच लावलेली पट्टी.

चौथी गोष्ट, आणि इथेच बहुतेकांचे फसते, म्हणजे वेळ. साधारण तापमानात पहिल्या २० मिनिटांत टेपची निम्मी ताकद येते, २४ तासांत सुमारे ९० टक्के आणि पूर्ण ताकद यायला ७२ तास लागतात. आपण काय करतो? दुकानातून निघतो, वाटेत गाडी धुऊन घेतो आणि संध्याकाळी हायवेला लागतो. निदान पहिला एक दिवस पाणी आणि वेग दोन्ही टाळावे. प्रवास शुक्रवारी असेल तर वस्तू मंगळवारी लावावी.

एक इशारा प्लास्टिकबद्दल. रंग न दिलेले काळे, खरखरीत बंपर बहुधा पॉलिप्रोपिलीनचे असतात. कमळाच्या पानावर पाणी थांबत नाही तसा या प्लास्टिकवर गोंद थांबत नाही. त्यावर आधी खास प्रायमरचा हात द्यावा लागतो. फिटरकडे प्रायमर नसेल तर त्या जागी टेपचा हट्ट धरू नये.

आणि सुटलेली पट्टी पुन्हा दाबून चिकटवू नये. त्या टेपवर धूळ बसलेली असते. जुनी टेप पूर्ण काढून नवीन लावणे हाच उपाय. काढताना स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, रंग निघेल. केस वाळवायच्या यंत्राने थोडे गरम करा, मग मासेमारीचा नायलॉन दोरा मागे घालून करवतीसारखा ओढा. वस्तू अलगद सुटते.

भोक पाडण्याआधी

स्क्रू डोळ्यांना दिसतो, म्हणून त्यावर आपला विश्वास जास्त. पण तो कशात बसतो हेही पाहावे. मोटारीच्या बाहेरचा पत्रा बहुधा ०.६ ते ०.८ मिलिमीटर जाडीचा असतो. म्हणजे पत्र्यात आपोआप आटे पाडत जाणारा स्क्रू आपल्या जेमतेम एका आट्यावर लटकलेला असतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर धडधड होत राहिली की ते भोक मोठे होते आणि स्क्रू फिरायला लागतो. मग फिटर त्याहून जाड स्क्रू मारतो. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच.

त्याहून मोठे नुकसान गंजाचे. कारखान्यात पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि वर पारदर्शक लेप असे थर चढवलेले असतात. या सगळ्यांची मिळून जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. ड्रिलचे टोक ते सगळे एका क्षणात भेदते आणि भोकाच्या कडेला उघडा पत्रा राहतो. स्टेनलेसचा स्क्रू लावला म्हणून हे टळत नाही. स्क्रू चकचकीत राहतो आणि त्याच्या भोवतीचा पत्रा गंजतो. गंज रंगाच्या खालून पसरतो, त्यामुळे वर फुगवटा दिसेपर्यंत आत बरेच काही खाल्लेले असते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि समुद्राची खारी हवा वर्षभर असते. अशा किनाऱ्यावर पत्र्याला पाडलेले भोक म्हणजे गंजाला दिलेले आमंत्रणच.

पत्र्याच्या मागे काय आहे हेही बाहेरून दिसत नाही. दारात काच वरखाली होते, वायरी जातात, काही गाड्यांत अपघात ओळखणारा सेन्सर असतो. टपाच्या कडेला आतून पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग घडी करून ठेवलेली असू शकते. इलेक्ट्रिक गाडीच्या तळाशी तर बॅटरी असते आणि नारिंगी रंगाच्या जाड वायरींतून शेकडो व्होल्टचा प्रवाह जातो. तिथे ड्रिल चालवणे हे जिवावर बेतू शकते. प्लास्टिकच्या बंपरला गंज लागत नाही हे खरे, पण घाईत पाडलेल्या भोकाच्या कडेपासून त्याला चीर जाते.

पैशाचा हिशोबही आहे. आपण पाडलेल्या भोकापाशी गंज आला तर कंपनीची वॉरंटी सहसा ती जबाबदारी घेत नाही. आणि विम्याच्या कागदात नोंद नसलेल्या, मागाहून बसवलेल्या वस्तूचे नुकसान भरून मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. महागडी वस्तू बसवली असेल तर नूतनीकरणाच्या वेळी तिची किंमत नोंदवून घ्यावी.

भोक पाडणे खरोखर टळत नसेल तर ते नीट करून घ्यावे. कडेची धार काढावी, उघड्या पत्र्याला गंजरोधक प्रायमर आणि टचअपचा रंग द्यावा, तो वाळू द्यावा, स्क्रूखाली रबरी वायसर घालावा आणि कडेने सीलंट भरावे. हे पाच मिनिटांचे जास्तीचे काम आहे. फिटर कंटाळा करील, आपण उभे राहून करून घ्यावे.

जिथे टेप चालणारच नाही

असे असले तरी काही वस्तूंना टेप मुळीच पुरत नाही. ज्या वस्तूवर वजन येते, जी लोंबकळते, जिच्यावर दगड-चिखलाचा मारा होतो आणि जिच्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो, तिला बोल्टच हवा. तोही शक्यतो कंपनीने ठेवलेल्या जागीच.

मडफ्लॅप घ्या. चाक फिरताना त्यावर चिखल आणि खडे सतत आदळतात. अनेक गाड्यांना चाकाच्या कमानीत कंपनीनेच भोके ठेवलेली असतात आणि त्या गाडीसाठी बनवलेला मडफ्लॅप तिथेच बसतो. दोनशे रुपये वाचवण्यासाठी भलत्या गाडीचा मडफ्लॅप घेतला की नवी भोके आली. कॅरिअरचेही तसेच. अनेक गाड्यांच्या टपावर झाकणाखाली बोल्टच्या जागा असतात. गाडीच्या पुस्तिकेत त्या दाखवलेल्या असतात आणि टपावर किती किलो वजन चालेल हेही तिथेच दिलेले असते. अम्मीने बांधून दिलेले पापड-लोणच्याचे डबे, तांदळाचे पोते आणि गाद्या चढवण्याआधी तो आकडा एकदा वाचावा.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू मोटरसायकलची आहे. आपल्या घरातल्या स्त्रिया बुरखा, ओढणी किंवा साडी नेसून मागे बसतात, पुष्कळदा एका बाजूला पाय ठेवून. कापडाचे टोक मागच्या चाकात गेले की ते चाकासोबत गुंडाळत जाते आणि बसलेल्या बाईला खाली खेचते. गळ्यातल्या ओढणीचे टोक गेले तर काय होते ते लिहायला नको. म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ सांगतो की मागे बसणाऱ्यासाठी पक्की मूठ आणि पायटेकण असावे, आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचे चाक निदान निम्मे झाकणारे संरक्षण असावे. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो.

तरुण मुले गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात हा साडी गार्ड काढून टाकतात. गाडी उघडी, रुबाबदार दिसते म्हणून. मग बहीण किंवा आई मागे बसायची वेळ येते तेव्हा कोणीतरी तो तारेने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने बांधतो. हे बांधणे नव्हे. सैल गार्ड स्वतःच चाकात जाऊ शकतो. तो मूळच्या जागी, मूळच्या बोल्टने, नायलॉक नट लावूनच बसवला पाहिजे, आणि मधूनमधून पाना लावून पाहिला पाहिजे. नायलॉक नटाच्या आत नायलॉनचे कडे असते, त्यामुळे तो धडधडीने सैल होत नाही. तो चार-पाच वेळा काढून-घालून झाला की बदलावा. आईबापांनी या एका बाबतीत मुलांची आवडनिवड ऐकून घेऊ नये. बाईच्या जिवापुढे गाडीचा रुबाब काहीच नाही.

जे लावूच नये

काही वस्तूंच्या बाबतीत टेप की स्क्रू हा प्रश्नच येत नाही, कारण त्या लावायच्याच नसतात. पुढच्या बाजूचा लोखंडी बुलबार त्यातलाच एक. तो थेट सांगाड्याला बोल्ट करतात. धडक झाली की जो धक्का बंपरने चेपून स्वतःवर घ्यायचा, तो सरळ सांगाड्यात जातो आणि एअरबॅगच्या सेन्सरचे गणित बिघडू शकते. समोर पायी चालणारा माणूस असेल तर लोखंड त्याच्या हाडावर बसते. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना अशा बुलबारांवर कारवाई करायला सांगितले. त्यासाठी मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ चा आधार दिला. मूळ रचनेत बदल करण्यावर मर्यादा घालणारे हे कलम आहे.

नंबर प्लेटही तशीच. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्या उच्च सुरक्षा नंबर प्लेटसह येतात आणि त्याआधीच्या गाड्यांनाही ती बसवून घ्यावी लागते. तिचे कुलूप एकदाच बसते. काढायला गेले की तुटते, म्हणजे चोराला ती दुसऱ्या गाडीला लावता येत नाही. त्यावर टेपने फ्रेम चिकटवून कडा झाकणे, चांदतारा लावणे किंवा ७८६ हा आकडा उठून दिसावा म्हणून बाकीचे अंक लहान करणे, हे सगळे नियमाबाहेर आहे. बरकत अंकाच्या आकारात नसते. ती हलाल कमाईत आणि सावध चालवण्यात असते.

अक्षरांचा अदब

शेवटचा मुद्दा आपल्या घरांचा खास आहे. अनेक गाड्यांच्या मागे आयत लिहिलेले स्टिकर असतात, किंवा अल्लाहचे नाव असलेली उठावदार सोनेरी अक्षरे. भावना चांगली आहे यात शंका नाही. पण ही अक्षरे बहुधा त्याच पांढऱ्या स्पंजच्या टेपवर येतात. दोन उन्हाळे झाले की एखादे अक्षर सुटते आणि रस्त्यात पडते. त्यावरून चाके जातात, चपला जातात. उरलेल्या अक्षरांचा अर्थ काहीच्या बाही होतो. स्टिकरवर चिखल उडतो आणि गाडी धुतलेले पाणी गटारात जाते. गुरुवारी संध्याकाळी घरात कागदाचा तुकडाही जमिनीवर न पडू देणारे आपण बाहेर मात्र हे पाहत नाही.

म्हणून पवित्र शब्द गाडीच्या बाहेर लावायचेच असतील तर जबाबदारीने लावावेत. जागा उंचावरची, चिखल न पोहोचणारी असावी. टेप चांगल्या प्रतीची असावी. कड उचललेली दिसताच ते अदबाने काढून घ्यावे. त्याहून बरे म्हणजे प्रवासाची दुआ आत, डॅशबोर्डवर ठेवावी. तिथे ती वाचलीही जाते. बाहेर मागच्याला वाचायला लावण्यापेक्षा आत आपण पढणे जास्त कामाचे.

दुकानात विचारायचे प्रश्न, घरी पाहायच्या गोष्टी

पुढच्या वेळी दुकानात उभे राहाल तेव्हा फिटरला एवढे विचारा. ही वस्तू माझ्याच मॉडेलची आहे का? कंपनीने ठेवलेली भोके वापरता येतील का? टेप करडी-काळी आहे की पांढरी? पॉलिश कशाने काढणार? भोक पाडणारच असाल तर मागे काय आहे आणि कडेला प्रायमर कोण लावणार? चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही. उलट त्याला बरे वाटते की कोणीतरी कामाची कदर करतो. जो ‘साहेब, काही होत नाही’ एवढेच म्हणतो, त्याच्याकडून वस्तू विकत घ्यावी हवी तर, बसवून मात्र दुसरीकडे घ्यावी.

घरी पाच मिनिटांचे काम आहे. जुम्याच्या दिवशी अनेक घरांत गाडी धुतात. धुऊन झाली की वायझर आणि पट्ट्यांच्या टोकांना नख लावून पाहा. टोक उचलत असेल तर टेप बदलायची वेळ झाली. मडफ्लॅप आणि कॅरिअर हाताने हलवून पाहा. मोटरसायकलचा साडी गार्ड आणि पायटेकण पान्याने तपासा. स्क्रूभोवती तपकिरी रेघ दिसली तर पुढच्या पावसाची वाट पाहू नका. हे काम घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला शिकवा. पुढे चालवणार तीच आहेत, आणि साडी गार्ड काढायचा की ठेवायचा हा निर्णयही एक दिवस त्यांच्याच हातात येणार आहे.